निळ्या झिलईची कुळकथा

मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात मातीची दोन भांडी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. एक पाण्याचा माठ आणि दुसरी लोणच्याची बरणी. दोन्ही मातीची, दोन्ही अग्नीतून पार पडलेली. परंतु स्वभाव मात्र परस्परविरुद्ध. माठ झिरपतो, आणि झिरपतो म्हणूनच त्यातील पाणी थंड राहते. बरणी झिरपत नाही, आणि झिरपत नाही म्हणूनच तिच्यातील लोणचे वर्षभर टिकते. माठात लोणचे घालावे, तर मीठ आणि तेल त्याच्या अंगावाटे बाहेर पाझरेल. बरणीत पाणी भरावे, तर वैशाखात ते कोमट लागेल. हा भेद मुख्यतः दोन गोष्टींनी घडतो : भट्टीची आंच आणि भांड्यावरील काचेचा पातळ लेप. या लेपालाच आपण झिलई म्हणतो.

ज्या जयपूर शहरात आपल्या मंडळाने पन्नास वर्षांची वाटचाल केली, ते शहर या झिलईसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी क्वचितच असे घर असेल, की ज्याच्या दिवाणखान्यात निळ्या फुलांची एखादी सुरई वा तबक नाही. गावाकडे जाताना पाहुण्यांसाठी न्यावयाच्या वस्तूंतही 'ब्लू पॉटरी'चा मान पहिला. तथापि, ही कला आली कोठून, ती येथे कशी रुजली, मधल्या काळात ती जवळजवळ नाहीशी का झाली आणि पुन्हा जिवंत कशी झाली, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. शासकीय सेवेतील बदल्यांच्या निमित्ताने ज्या गावी राहावे, त्या गावाची थोडीबहुत ओळख करून घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखकाचा अधिकार. त्या अधिकारात ही कुळकथा वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपला कुंभार आणि झिलई

प्रथम एक स्वाभाविक प्रश्न. महाराष्ट्रातील कुंभार हजारो वर्षे चाक फिरवीत आला. मग त्याने आपल्या मडक्यांना झिलई का दिली नाही? त्याला ती जमली नाही, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याच्या गिऱ्हाइकाला ती नको होती, हे उत्तर अधिक खरे आहे.

उन्हाळ्यात थंड पाणी देणे हे माठाचे पहिले काम. झिलई दिली, की माठाची रंध्रे बुजतात आणि त्याचा हा गुणच नाहीसा होतो. नवरात्रातील घटाचेही तसेच. घटातले पाणी मंदपणे पाझरते, भोवतालच्या मातीत ओल राहते आणि पेरलेले धान्य उगवून येते. झिलईच्या घटाभोवती अंकुर कसे फुटावेत? शिवाय आपल्या आचारात मातीचे भांडे हे कायमचे नव्हे. ते सुतकात टाकावे, संक्रांतीला नवे सुगड आणावे, अंत्यविधीत फोडावे, अशीच परंपरा. जे वारंवार बदलावयाचे, त्यावर महागडा लेप देण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक कारण कुंभाराच्या आव्यात आहे. आव्यात मडकी एकावर एक, अंगाला अंग लावून रचतात. मध्ये गोवऱ्या, पेंढा, लाकूडफाटा घालतात. झिलई आंचेने वितळते. अशा आव्यात झिलईची मडकी ठेवली, तर सारी एकमेकांस चिकटून एकच गठ्ठा होईल. झिलईसाठी भट्टी निराळी लागते आणि भांडी सुटी ठेवावी लागतात. म्हणून आपला कुंभार गेरूचा हात देऊन, गुळगुळीत गोट्याने घोटून मडक्यास चमक आणीत राहिला. मडके पक्के की कच्चे, हे तो थापटून ओळखतो. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळीच्या मस्तकांवर थापटी मारून नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. झिलईचे भांडेही असेच बोटाने वाजवून पारखतात, हे येथे सहज सांगून ठेवतो.

झिलई म्हणजे काय?

झिलई म्हणजे वस्तुतः काच. परंतु ओतीव काच नव्हे, तर भांड्याच्या अंगावरच वितळून तेथेच गोठलेली काच. काचेचा मूळ घटक वाळू किंवा गारगोटी. पण शुद्ध गारगोटी वितळावयास सुमारे १,७०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते, आणि तेवढ्या आंचेत भांडेच उरत नाही. म्हणून तिच्यात सोडा, टाकणखार किंवा शिशाची भस्मे मिसळतात. त्यांच्या संगतीने गारगोटी पुष्कळ कमी आंचेत वितळते. वितळलेला लेप ओघळून खाली जाऊ नये, यासाठी त्यात काही अंश मातीचा असावा लागतो.

रंग येतात ते धातूंमुळे. कोबाल्टने गडद निळा रंग येतो. तांब्याचे वैशिष्ट्य असे, की सोड्यासारख्या क्षारांच्या झिलईत ते फिरोजी रंग देते आणि शिशाच्या झिलईत हिरवा. लोखंड मधासारखा पिवळा वा तपकिरी रंग देते. भट्टीत हवा कमी पडली, तर तेच लोखंड फिकट हिरवी छटा धारण करते. एकाच धातूची अशी अनेक रूपे पाहून पूर्वीच्या कारागिरांना ही विद्या किमयेसारखी वाटली आणि त्यांनी ती गुप्त ठेवली, यात नवल नाही.

येथेच एक अडचण आहे, आणि या साऱ्या इतिहासाची किल्लीही तिच्यातच आहे. तापल्यावर प्रत्येक पदार्थ प्रसरण पावतो आणि निवल्यावर आकुंचन पावतो. पण प्रत्येकाचे प्रमाण वेगळे. भांडे कमी आकसले आणि झिलई अधिक आकसली, तर झिलईला अंगाचे कापड आखूड झाल्यासारखे होते आणि तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात. उलट झाले, तर झिलईचे पोपडे सुटतात. तो सुंदर फिरोजी रंग ज्या क्षारयुक्त झिलईत येतो, ती झिलई निवताना फार आकसते. साध्या तांबड्या मातीच्या अंगावर ती धड टिकत नाही. तिला तिच्याइतकेच आकसणारे अंग हवे, आणि तसे अंग गारगोटीच्या भुकटीचे असते. म्हणूनच जयपूरची निळी भांडी मातीची नाहीत. 'पॉटरी' हे नाव असूनही त्यांत कुंभाराची माती जवळजवळ नसतेच.

कैरोपासून देवगिरीपर्यंत

गारगोटीच्या अंगावर निळी झिलई ही युक्ती अतिप्राचीन आहे. प्राचीन ईजिप्तमधील निळे मणी आणि मूर्ती आज कैरोच्या संग्रहालयात दिसतात, त्या याच जातीच्या. आपल्या सिंधू संस्कृतीतील लोकांनाही ही विद्या अवगत होती. हडप्पा, मोहेंजोदडो येथील उत्खननांत अशा बांगड्या, मणी आणि लहान भांडी सापडली आहेत. या जुन्या कृतीत एक मौज आहे. गारगोटीच्या भुकटीत क्षार कालवून वस्तू घडवीत. ती वाळू लागली, की पाण्याबरोबर क्षार आपोआप पृष्ठभागावर येत आणि भट्टीत त्यांचीच झिलई होई. लेप वेगळा द्यावाच लागत नसे.

पुढे भांड्यांच्या रूपाने ही कला इराणात भरास आली. तेथील काशान नगरातील कारागीर इतके नामांकित, की झिलईच्या फरशीला फारसीत 'काशी' हेच नाव पडले. मुलतान व सिंध या भागांत या कामास आजही काशीकारी म्हणतात. वाराणसीशी तिचा काही संबंध नाही. याच काशानच्या एका कुंभार घराण्यात अबुल कासिम नावाचा विद्वान होऊन गेला. १३०१ मध्ये त्याने आपल्या घराण्याची सारी विद्या एका ग्रंथात लिहून ठेवली. गारगोटीची भुकटी दहा भाग, काचेची भुकटी एक भाग, पांढरी माती एक भाग, असे भांड्याच्या अंगाचे प्रमाण त्याने दिले आहे. निळ्या रंगाचा दगड कमसर गावाजवळ मिळतो, हेही त्याने नोंदले आहे. सातशे वर्षांनंतर आजही इतिहासकार आणि कारागीर या ग्रंथाचा आधार घेतात. त्याच्या काळातील इतर घराण्यांनीही असेच नुसखे जपले असतील. परंतु जे त्याने लिहिले, तेच आपल्यापर्यंत पोहोचले.

इराणचा हा निळा रंग चीनपर्यंत गेला. चौदाव्या शतकात चिनी कारागिरांनी इराणी कोबाल्ट आणवून आपल्या शुभ्र भांड्यांवर निळी चित्रे काढली आणि तो माल समुद्रमार्गे पुन्हा पश्चिमेकडे पाठविला. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात त्या काळच्या अशा चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. आपण पांढऱ्या चकचकीत भांड्याला 'चिनी मातीचे' म्हणतो, ते या व्यापाराच्या स्मरणानेच. हिंदी भाषक शेजारी बरणीला 'मर्तबान' म्हणतात. त्या शब्दातही ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचे नाव दडलेले आहे. तेथून झिलईचे मोठाले रांजण देशोदेशी जात असत.

भारतात ही झिलई प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसली, ती भांड्यांवर नव्हे, भिंतींवर. बिदरला महमूद गावानने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांचे अवशेष आजही आहेत. गावान स्वतः इराणातील गिलान प्रांतातून दख्खनेत आलेला होता. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमराच्या राजवाड्यावर निळ्या फरशांची बदके, हत्ती आणि केळीची झाडे रांगेने बसविलेली आहेत. किल्ल्यावर गेलेला मराठी प्रवासी शिंद्यांच्या आठवणीत गढलेला असतो. त्याने पुढच्या खेपेस मान वर करून ही बदकेही अवश्य पाहावीत. आणि आपल्या देवगिरीच्या किल्ल्यातील चिनी महाल! गोवळकोंड्याचा अखेरचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह यास १६८७ मध्ये किल्ला पडल्यानंतर औरंगजेबाने येथेच कैदेत ठेविले. या वास्तूस 'चिनी' हे नाव मिळाले, ते तिच्या भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांमुळे. म्हणजे निळ्या झिलईशी महाराष्ट्राची ओळख पाचशे वर्षांची आहे. ती कुंभारवाड्यात शिरली नाही, एवढेच.

पतंग, महाराज आणि दोन भाऊ

आता जयपूरकडे वळू. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये ही नगरी वसविली, तेव्हा नाना प्रकारच्या कारागिरांना येथे आणून वसविले. परंतु निळी भांडी घडविणारे त्यांत नव्हते. ती कला येथे आली एकोणिसाव्या शतकात, सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकीर्दीत. हे महाराज १८३५ मध्ये बालवयात गादीवर आले आणि १८८० पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांना छायाचित्रणाचा विलक्षण नाद होता. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीनिमित्त शहराला जो गुलाबी रंग दिला गेला, तोही यांच्याच काळात.

या कलेच्या आगमनाची एक कथा जयपुरात सर्वत्र सांगितली जाते. संक्रांतीच्या सुमारास या शहराचे आकाश पतंगांनी कसे भरून जाते, हे वाचकांना सांगावयास नकोच. महाराजांनाही पतंगांचा शौक होता. एकदा बयाना गावचे चूडामण आणि काळूराम नावाचे दोघे भाऊ दरबारच्या पतंगबाजांचे पतंग एकामागून एक कापू लागले. महाराजांनी चौकशी केली, तेव्हा कळले की हे दोघे जातीचे कुंभार असून त्यांनी मांज्याला आपल्या भांड्यांच्या झिलईची भुकटी लावली आहे. महाराजांनी रागावण्याऐवजी त्यांना पदरी ठेविले, दिल्लीच्या भोला नावाच्या उस्तादाकडे निळ्या कामाच्या शिक्षणासाठी पाठविले आणि नंतर जयपूरच्या कलाशाळेत शिक्षक नेमले. कथेतील तपशिलाची शहानिशा करणे कठीण. तथापि तिच्यातील शेवटचा भाग महत्त्वाचा. एका घराण्याची विद्या राजाने शाळेत आणून बसविली.

ही कलाशाळा रामसिंहांनीच काढलेली. डॉ. द फॅबेक नावाचे वैद्यकीय अधिकारी तिचे पहिले प्रमुख होते. जातीचे बंधन न मानता विद्यार्थ्याला हुन्नर शिकवावा, हा अशा शाळांमागील विचार. नेमका याच सुमारास तो मुंबईतही साकार होत होता. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात कुंभकामाचा विभाग उभारला आणि झिलईच्या कामासाठी सिंधमधून कारागीर आणविले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्याच काळात प्रा. ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यामुळे सिंधी झिलईच्या भांड्यांवर अजिंठ्याची वेलबुट्टी उतरली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही भांडी आजही जपून ठेवलेली आहेत.

जयपूरच्या भांड्यांनाही लवकरच कीर्ती मिळाली. १८८३ मध्ये येथे भरलेल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात स्थानिक कलावस्तू मांडल्या गेल्या आणि १८८७ मध्ये उघडलेल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात त्यांना कायमचे स्थान मिळाले. रविवारी मुलांना घेऊन तेथे जाणाऱ्या आपल्या सभासदांनी ममीपाशी गर्दी करून परत न फिरता कुंभकामाच्या दालनातही थोडा वेळ घालवावा, अशी विनंती आहे.

कृती

ही भांडी कशी करतात, हे सांगानेरच्या बाजूच्या किंवा कोट जेवर गावातील कारखान्यांत अजूनही पाहावयास मिळते. पांढऱ्या गारगोटीची भुकटी हा मुख्य भाग. तिच्यात हिरव्या काचेची भुकटी, थोडी मुलतानी माती, साजीखार आणि कतिरा डिंक मिसळून पाण्याने कणीक तिंबावी तसा गोळा तिंबतात. कुंभाराच्या चिकणमातीसारखी लवचिकता याला नसते. नुसत्या चाकावर सबंध घडा उचलून घेता येत नाही. म्हणून गोळ्याची पोळी लाटतात, ती साच्यात बसवितात आणि आतून राख भरून दाबतात. एखाद-दोन दिवसांनी साचा काढून राख ओततात. सुरईचे तोंड व बूड चाकावर वेगळे करून मागाहून जोडतात. वाळल्यावर भांडे घासून गुळगुळीत करतात आणि गारगोटी, काच व मैद्याची खळ यांचे पांढरेशुभ्र अस्तर त्यावर चढवितात.

मग चितारी बसतो. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने प्रथम कोबाल्टच्या रेघांनी आकृती आखावयाची, नंतर पाकळ्या-पाने भरावयाची. गंमत अशी, की भट्टीत जाण्यापूर्वी हा रंग निळा नसतोच. कोबाल्टचे भस्म काळपट असते. चितारी काळ्याने लिहितो आणि आपण निळ्याने वाचतो. कोणता रंग पुढे कसा खुलेल, हे सारे त्याच्या मनात असते. समोर काहीच दिसत नाही. पूर्वी जयपूरचे मीनाकार सोन्यावर निळा मिना भरण्यासाठी खेत्रीच्या खाणींतील 'सेहता' नावाचा कोबाल्टयुक्त खनिज वापरीत. मिना म्हणजेही धातूवरील झिलईच. तेव्हा मीनाकार आणि हा चितारी हे एकमेकांचे चुलतभाऊच म्हणावयाचे.

यानंतर झिलई. काच, टाकणखार, जस्ताचे भस्म आणि जुन्या पद्धतीत शेंदूर, हे सारे प्रथम भट्टीत एकजीव वितळवितात आणि तो तप्त रस पाण्यात ओततात. तो तडतडून फुटतो. ते तुकडे बारीक दळून, मैद्याच्या खळीत कालवून दाट दुधासारखा घोळ करतात. एवढा खटाटोप कशासाठी? टाकणखार पाण्यात विरघळतो. तसाच घोळात घातला, तर तो भांड्याच्या अंगात शिरून जाईल आणि लेप असमान होईल. एकदा काच करून घेतली, की तो स्थिर होतो. या घोळात भांडे बुडवून काढतात किंवा वरून ओततात. लेप सर्वत्र सारखा बसला पाहिजे. पातळ पडला तर अंग खरखरीत राहते, जाड झाला तर भट्टीत ओघळून नक्षी पुसट करतो. लेप सुकल्यावर चित्र पूर्णपणे झाकले जाते. भट्टीवर जाणारे भांडे पिठात लोळविल्यासारखे दिसते. त्याच्या आत फुले आहेत, हे सांगूनही खरे वाटत नाही.

भट्टीत भांडी एकमेकांना न टेकतील अशी मांडतात. आंच सुमारे ८०० ते ८५० अंशांपर्यंत चढवितात. चार-पाच तासांनी जाळ थांबवितात. मात्र भट्टी लगेच उघडत नाहीत, दोन-तीन दिवस तशीच निवू देतात. घाईने उघडली, की गार वारा लागून भांडी तडकतात. साध्या कुंभकामात पुष्कळदा अंग आणि झिलई वेगवेगळे भाजतात. येथे सारे एकाच भट्टीत होते. त्यामुळे चूक दुरुस्त करण्यास दुसरी संधी नाही. फुटलेले भांडे पुन्हा भिजवून गोळा करता येत नाही. भट्टी उघडतेवेळी कारागीर फारसे बोलत नाहीत, ते यामुळेच.

एक व्यावहारिक सूचना येथे करणे आवश्यक आहे. जुन्या झिलईत शिसे असे. आंबट पदार्थ अशा भांड्यात राहिला, तर शिसे त्यात उतरू शकते आणि ते आरोग्यास अपायकारक आहे. आता काही कारखान्यांत शिसेविरहित झिलई करतात. तरी विकत घेताना तसे विचारून घ्यावे, आणि खात्री नसेल तेथे हे भांडे फुलांसाठी ठेवावे. लोणचे, चिंच, दही यांना त्यात जागा देऊ नये. लोणच्याची बरणी पुष्कळ अधिक आंचेवर, सुमारे १,२०० अंशांच्या पुढे भाजलेली असते. तिची जात निराळी.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

राजाश्रय होता तोवर या कलेचे बरे चालले. पुढे तो ओसरत गेला, यंत्राने केलेला स्वस्त चिनी मातीचा माल बाजारात आला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास जयपूरची निळी भट्टी विझण्याच्या बेतास आली. कारणे आर्थिक होतीच. पण एक कारण घरातले होते. झिलईचे प्रमाण हे घराण्याचे गुपित मानले जाई. कोणता पदार्थ किती, हे बाहेरच्यास सांगावयाचे नाही. मुलाला सांगावयाचे, तेही योग्य वेळ आल्यावर. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला किंवा योग्य वेळ येण्यापूर्वी बापाने डोळे मिटले, की एक रंग कायमचा गेला. शाळेने जी कला घराबाहेर आणली होती, ती काळाच्या ओघात पुन्हा दोन-चार घरांत जाऊन बसली आणि त्या घरांबरोबर विझू लागली.

या वेळी तिच्या मदतीला धावले ते बाहेरचे लोक. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या अध्यक्षा कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी देशातील मरणपंथास लागलेल्या अनेक कला हुडकून काढल्या. त्यांत ही एक होती. महाराणी गायत्रीदेवी यांचाही पाठिंबा मिळाला. प्रत्यक्ष काम केले ते कृपालसिंह शेखावत यांनी. १९२२ मध्ये सीकर भागातील मऊ गावी जन्मलेले हे राजपूत गृहस्थ मूळचे चित्रकार. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले. भारतीय संविधानाच्या सचित्र मूळ प्रतीच्या सजावटीत त्यांचाही हात होता. पुढे जपानला जाऊन त्यांनी तेथील कलेचा अभ्यास केला. कुंभाराच्या घरी न जन्मलेला हा माणूस उरल्यासुरल्या जाणकारांकडून कृती समजावून घेऊन, स्वतः प्रयोग करून ही विद्या शिकला. सवाई रामसिंह शिल्पकला मंदिर या संस्थेचे प्रमुखपद सांभाळताना त्यांनी ती मोकळेपणाने शिकविली. निळ्या-फिरोजीखेरीज इतर रंगही या भांड्यांवर त्यांनी आणले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००८ मध्ये ते निवर्तले. आज जयपूर व भोवतालच्या खेड्यांत या कामावर पोट भरणाऱ्या कुटुंबांपैकी किती जणांच्या मागील पिढीने या एका माणसाकडून थेट किंवा त्यांच्या शिष्यांकडून धडे घेतले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण ही माळ त्यांच्यापाशी जाऊन पोहोचते, हे निर्विवाद. जयपूर ब्लू पॉटरीस आता भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

दिल्लीतही असेच घडले. सरदार गुरचरणसिंह हे भूगर्भशास्त्र शिकलेले तरुण दिल्लीच्या कारखान्यात अब्दुल्ला नावाच्या पठाण उस्तादाकडून निळी झिलई शिकले. १९१९ मध्ये ते जपानला गेले आणि परतल्यावर १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत आपली भट्टी उभारली. जे शिकले ते येईल त्याला शिकविले. आज देशभर जे सुशिक्षित कलावंत हाताने भांडी घडवितात, त्यांच्यापैकी अनेकांची गुरुपरंपरा त्यांच्यापाशी जाते. शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षांचे दीर्घायुष्य त्यांना लाभले. १९९५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नाही.

या कथेचा अर्थ

निळ्या झिलईची ही कुळकथा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ईजिप्त, सिंधू, काशान, मुलतान, दिल्ली, जयपूर : ही विद्या एका गावची कधीच नव्हती. ती माणसांबरोबर प्रवास करीत राहिली. जेथे तिला कोणी लिहिले किंवा शिकविले, तेथे ती जगली. जेथे तिला कोणी तिजोरीत ठेविले, तेथे ती मेली. अबुल कासिमाने गुपित लिहिले, रामसिंहांनी ते शाळेत आणले, कृपालसिंहांनी ते परक्याच्या मुलांना दिले.

जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला याचे आणखी एक उदाहरण आठवल्यावाचून राहणार नाही. या बाजूचे अल्लादियाखाँ १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या कोल्हापुरात दरबारगायक झाले. त्यांनी आपले गाणे केवळ पुत्रांपुरते ठेविले असते, तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आपल्याला ऐकावयास मिळाल्या नसत्या. जयपूरचे गाणे आपल्याकडे येऊन टिकले, ते दुसऱ्यांच्या लेकींना शिकविले म्हणून.

आपल्या मंडळानेही पन्नास वर्षांत बऱ्याच गोष्टी येथवर आणल्या आहेत : गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, दिवाळी अंक आणि मुलांचा मराठी वर्ग. यांपैकी पहिल्या चार गोष्टी आपण हौसेने करतो आणि त्या चालत राहतील. पाचवी गोष्ट मात्र हौसेची नव्हे, नेमाची आहे, आणि तिच्याच बाबतीत आपण ढिले पडतो. मुलांना मराठी घरीच येईल, घरात बोलतोच की आपण, असे म्हणणाऱ्या पालकांची संख्या वाढत आहे. जयपूरच्या त्या जुन्या कारागिरांनाही असेच वाटत होते, की घरची विद्या घरात आहे, ती कोठे जाणार? ती कोठेही गेली नाही. त्यांच्याबरोबर राहिली आणि त्यांच्याबरोबरच संपली.

शनिवारच्या मराठी वर्गात आपली मुले तर यावीतच. शेजारच्या राजस्थानी मुलाला शिकण्याची इच्छा झाली, तर त्यालाही आनंदाने बसवून घ्यावे. कोणी सांगावे, उद्या आपली भाषा जपणारा कृपालसिंह त्याच्यातूनच निघेल.